दंगल उसळते, माणसे मारत नाहीत

मराठी व्याकरणात अकर्तृक भावे प्रयोग म्हणून एक प्रकार शिकवला जातो. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' ही त्याची ठरलेली उदाहरणे. तेथे कर्ता शोधायचा नसतो, कारण उजाडवणारा आणि सांजावणारा कोणी इसम नसतो. या प्रयोगाला आमचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो, माणसांनी माणसांना मारल्याची बातमी देताना मराठी गद्याने जो पाऊसपाण्याचा सूर लावला आहे, त्याला. 'दंगल उसळली', 'तणाव पसरला', 'आंदोलनाला हिंसक वळण लागले'. काटेकोर वैयाकरण म्हणतील, ही वाक्ये तर कर्तरी आहेत, 'दंगल' हाच कर्ता. आमचेही म्हणणे तेच आहे. लाट उसळते, वणवा पसरतो, तशी दंगल उसळते, तणाव पसरतो. दंगल स्वतःच कर्ता झाली की दगड उचलणारा, रॉकेल आणणारा, घर दाखवून देणारा असे सगळे वाक्याच्या बाहेर सुखरूप उभे राहतात.

मिरवणुकीत माणूस मेला की तिला 'गालबोट लागले' असेही आपल्याकडे छापून येते. गालबोट तान्ह्या मुलाला लावतात, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे मेलेला माणूस हा सोहळ्याच्या गोऱ्या गालावरचा काजळाचा ठिपका! हा वाक्प्रचार ज्याने प्रथम या कामी लावला, त्याला भाषेची जाण नव्हती असे आम्हाला वाटत नाही. तिचा फार चांगला उपयोग त्याला कळला होता.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबई घ्या. 'मुंबईच्या दंगलीत ९०० ठार' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यात काही उणे आहे असे वाटतच नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे ९०० मृत्यू कारणांनुसार मांडले आहेत : पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. आता तेच वाक्य पुन्हा वाचावे. सर्वांत मोठा आकडा सरकारी बंदुकीचा आहे आणि 'दंगलीत ठार' या दोन शब्दांनी तो पूर्ण गिळला आहे. आयोगाने मोघम बोलणे टाळले. ३१ पोलिसांची नावे घेऊन दोष ठेवला, राजकीय पक्षांचा व नेत्यांचा वाटा नोंदवला. तेव्हाच्या राज्य सरकारने निष्कर्ष फेटाळले, हे अपेक्षितच होते. मराठी साहित्यव्यवहाराने मात्र तो अहवाल फेटाळलाही नाही, वाचलाही नाही. कर्ता लिहिणारे गद्य समोर आले असता त्याची दखल घेण्याची गरज किती जणांना वाटली?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पुरावा नसताना कर्ता लिहायचा कसा? न्यायालयाने ठरवण्यापूर्वी वार्ताहराने दोषी का ठरवावा? व्यक्तीचे नाव घेताना हा संयम हवाच. परंतु 'जमावाने जाळले', 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या' असे लिहिण्यासाठी कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. दुसरे असे, की हा संयम सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. पुढे पकडलेल्यांचे नाव, गाव, धर्म, मोहल्ला सारे छापून आले आणि 'संशयित' हे विशेषण गळायला फार काळ लागला नाही. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष सोडले. त्यांपैकी एकजण २०२१ मध्ये कैदेतच वारला होता. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तेथे सहा माणसे मेली होती. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकारने तातडीने सर्वोच्च न्यायालय गाठले. त्या न्यायालयाने निकाल पूर्वाधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र पुन्हा आत धाडले नाही. दुसऱ्या निकालाविरुद्ध अपील घेऊन गेले ते मृतांचे नातेवाईक. कोणत्या वाक्याचा कर्ता रिकामा राहिल्याने सरकार अस्वस्थ होते आणि कोणत्या वाक्याच्या बाबतीत ते निवांत असते, हे यावरून दिसावे.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना ठार मारण्यात आले. आपण त्याला 'खैरलांजी प्रकरण' म्हणतो. मारणारे नाहीत, मेलेले नाहीत, गावाचे नाव आणि पुढे 'प्रकरण'. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये फाशीऐवजी २५ वर्षांची कैद ठरवली. आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा या हत्यांना लागू होत नाही, असा निर्वाळा दोन्ही ठिकाणी मिळाला. म्हणजे कर्ता सापडला, क्रियेमागचे कारण मात्र गाळले. त्या घरातून वाचलेले एकटे भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले.

युद्धाच्या बातमीत कर्ता लपवावा लागत नाही, शत्रू त्या जागी आयताच उभा असतो. तेथे निसटतो तो मेलेला माणूस. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला बंदूकधाऱ्यांनी २६ जणांना मारले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. ७ मे रोजी भारताने हल्ले केले, १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. मधल्या दिवसांत वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले. बंदर जागच्या जागी होते. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी आपलेच नागरिक मेले. त्यांत एका मदरशातले शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांना मारलेला दहशतवादी म्हणून दाखवले आणि पूंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला. मेलेल्या शिक्षकाचे वाक्यातले स्थान एका रात्रीत उलटे करणारी ही भाषा चालते तरी कोणाच्या जिवावर, असा प्रश्न भाषेच्या शिक्षकांना पडायला हवा होता.

आणि सैनिक नसलेल्यांसाठी आपल्याकडे शब्द कोणता? 'बळी'. हुंडाबळी, भूकबळी, दंगलीचे बळी. बळी देवाला देतात. देणारा यजमान असतो, सुरी धरणारा असतो, प्रसादाचे वाटेकरी असतात. शब्द ठेवला, यजमान खोडला. सुनेला जाळणारे घर 'हुंडाबळी' या शब्दात कोठे दिसते?

पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेबांकडे ज्या सावकारी पत्राने पोहोचली, असे आपण वाचत आलो, त्यात माणसांची मोती, मोहरा आणि खुर्दा झाली होती. त्या सांकेतिक भाषेला निदान कारण होते. पत्र परक्याच्या हाती पडण्याचे भय होते. (तेथेही विश्वासराव मोती आणि सामान्य शिपाई खुर्दाच, ही गोष्ट वेगळी.) आज आपण कोणापासून लपवून लिहितो आहोत?

असे न लिहिणारे लेखक आपल्यात होऊन गेले नाहीत, असे नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत निवेदकाला मारणारा जमाव बिनचेहऱ्याचा नाही, ती त्याच्या ओळखीची, सोबत काम करणारी माणसे आहेत. त्या पुस्तकाला साठ वर्षे उलटून गेली. आपण ते अभ्यासक्रमात लावले, त्यातील 'विद्रोहा'वर टिपा लिहवून घेतल्या आणि वाक्यरचनेकडे पाहिले नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात भावे प्रयोगाचे प्रसिद्ध उदाहरण 'रामाने रावणास मारले' असे आहे. मारणारा, मारला गेलेला, दोघेही वाक्यात हजर. पुराणकाळच्या वधाबाबत हा स्पष्टपणा चालतो; तोच शिक्षक संध्याकाळी वर्तमानपत्रात 'दंगल उसळली' वाचतो आणि पान उलटतो. बखरगद्य नेमणाऱ्या मराठी विभागांनी श्रीकृष्ण अहवालातील दहा पाने गद्याचा नमुना म्हणून नेमावीत, अशी आमची सूचना आहे. तिला विरोध होईल हे उघड आहे. तो 'विरोध झाला' असा न नोंदवता, कोणी केला तेही इतिवृत्तात लिहावे.