डुमसचं भूत आणि आपली धुळवड



धुळवड जवळ आली की आपल्या नवागामात दोन गोष्टी सुरू होतात. डुमसला जायचे बेत आणि मोबाईलवर डुमसच्या भुताचे व्हिडिओ. काळी वाळू, शेजारी स्मशान, रात्रीचे आवाज. यंदा मी हे गप्प बसून बघणार नाही. कोणाला राग आला तर येऊ दे.

१९९८ची धुळवड. माझा आतेभाऊ अमळनेरकडून नवा नवा आलेला, लूमवर कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. सकाळी रंग खेळून आम्ही सहा जण डुमसला गेलो. समुद्र इतका लांब गेलेला की पाणी नुसती चमकती रेघ दिसत होती. "पानी शे तरी कोठे?" म्हणून तो हसला आणि चिखलातून चालत सुटला. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "काही व्हत नही, भाऊ." तापीच्या डोहात लहानपणापासून पोहलेला पोरगा. आम्ही काठावर टोमॅटोची भजी खात बसलो. दुपारी पाणी फिरलं. त्याचे पाय गाळात रुतले होते. पाणी त्याच्या समोरूनही आलं आणि मागच्या खोलगट पट्ट्यातूनही. पोहणं काही कामाला आलं नाही.

घरी बायाबापड्यांनी काय ठरवलं? डुमसच्या भुतानं नेला. कोणी म्हणालं नशीब, कोणी म्हणालं प्यायला असेल. तो पीत नव्हता. आत्या शेवटपर्यंत भुतालाच शिव्या देत गेली, आणि आम्ही पाच जणांनी ते चालू दिलं, कारण भुताला दोष दिला की आमच्यावर काही येत नव्हतं.

खरं कारण भिंतीवर टांगलेलं होतं. कालनिर्णय.

पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाणाची भरती असते. त्या दिवसांत पाणी जास्त चढतं, तसंच ओहोटीला जास्त लांबही जातं. पाणी लांब जातं म्हणून आपणही लांब जातो. आता आपल्या सुट्ट्या मोजा. होळी पौर्णिमेला, धुळवड दुसऱ्या दिवशी. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा-भाऊबीज लागूनच. अनंत चतुर्दशीचं विसर्जन, कोजागिरी. मिल आणि मार्केट बंद असतं तेव्हा समुद्र नेमका जोरात असतो. त्यात आपला समुद्र खंभातच्या आखाताच्या तोंडाशी. या आखाताची भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास, पण पाणी सारख्या वेगानं चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी येतं. पहिल्या तासात "काही होत नाही" वाटतं, ते यामुळेच.

आपण खान्देशी माणसं नदीची. नदी एकाच दिशेनं वाहते, समुद्र परत येतो. कोकणातला माणूस तिथीवरून भरतीची वेळ बोटांवर काढतो. तो मुंबईकडचा हिशेब सुरतेला जसाच्या तसा चालत नाही, इथं पाणी उशिरा चढतं. पण आता भरतीची वेळ मोबाईलवर मिळते. भुताचा व्हिडिओ बघायला लागतो त्याहून कमी वेळात.

कोणी म्हणेल, सरकारनं बोर्ड लावावेत, माणसं ठेवावीत. ठेवावीतच. पण "नाहवानी मनाई" हा बोर्ड बाराही महिने तेच सांगतो, म्हणून कोणी वाचत नाही. मागायचंच तर असा फळा मागा, ज्यावर रोज आजच्या ओहोटी-भरतीची वेळ लिहिली जाईल. गुजरातीत, मराठीत, हिंदीत, उडियात.

तोवर घरातल्यांनी एवढं पाळा. निघण्याआधी वेळ बघा. ओहोटी संपायच्या आत काठावर परत या. डुमस असो की सुवाली, घोट्याच्या वर पाणी नको, पोहता येत असलं तरी. पाय रुतला तर ओढाताण करू नका, मागे रेलून अंग पसरा, पाय हळूहळू सोडवा. कोणी बुडत असेल तर मागून उडी मारू नका. एकामागे तीन जातात ते असेच. दोरी, रिकामा कॅन, बांधलेल्या ओढण्या फेका आणि ११२ लावा.

समुद्रावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. आठ बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना तेवढीच मोकळी हवा. मी स्वतः जातो, नातवंडांना नेतो, भजीही खातो. पण आधी वेळ बघतो.

आत्या गेली. तिला हे सांगायचं राहून गेलं. म्हणून तुम्हाला सांगतोय. पुढच्या वेळी डुमसच्या भुताचा व्हिडिओ पाठवाल, त्याखाली त्या दिवसाची भरतीची वेळ लिहा. नाहीतर पाठवू नका.