पलंगाखालचे राजकारण

रिचर्ड ट्विस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १७७५ साली आयर्लंडची सफर केली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक काढून तिथल्या लोकांची यथेच्छ नालस्ती केली. डब्लिनच्या कुंभारांनी उत्तर दिले ते आपल्या पद्धतीने. रात्री पलंगाखाली ठेवायच्या मूत्रपात्राच्या तळाशी त्यांनी ट्विससाहेबांचे चित्र बसवले! पुढे इंग्लंडात नेपोलियनचीही स्थापना त्याच जागी झाली.

छापील चित्र भांड्यावर उठवण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्याला निघाली आणि ही चेष्टा स्वस्त झाली. ज्या सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता, त्याला निदान मग विकत घेता येऊ लागला. बँकेत जन्म गेल्यामुळे मला यातला व्यवहार आधी दिसतो. स्टॅफर्डशायरच्या भट्ट्यांतून नेल्सनचा गौरवही निघे आणि नेपोलियनची टवाळीही. खपेल तेच भाजले जाई. म्हणूनच ही भांडी लोकमताची खरी खतावणी वाटतात.

आपल्याकडे मात्र मुंबईत २०१२ साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला अटक होऊन राजद्रोहाचे कलम लागले. ते मागे घेतले गेले, पण लागले होतेच. ब्रिटनचे ग्लॅडस्टनसाहेबही विरोधकांच्या मूत्रपात्रात विराजमान झाले होते. पंतप्रधान ते चार वेळा झाले.