यंत्राचा तगादा

धंदा करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या मागे लागावे की लागू नये, हा वाद बाजाराइतकाच जुना आहे. लागावे, असेच माझे मत आहे. आपला माल चांगला आहे असे जो मानतो आणि तरीही तो खपावा म्हणून तोंड उघडत नाही, त्याने दुकान काढण्यापेक्षा मठ बांधावा. मराठी माणसाला धंदा जमत नाही असे जे रडगाणे आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हा विचारण्याचा संकोचच असतो. तेव्हा माझे भांडण मागे लागण्याशी नाही. माझे भांडण आहे ते स्वतः घरी बसून यंत्राला मागे लावून देण्याशी, आणि त्या यंत्राच्या तोंडी आपलेपणाची भाषा घालण्याशी.

हा प्रकार आज घरोघर पोचला आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर त्याला पूर येतो. पण त्याचे पोट उघडून पाहिलेले लोक थोडे. कोणी इंटरनेटवर साड्यांचे, लोणच्यांचे किंवा इंग्रजी संभाषण शिकवण्याचे दुकान थाटतो. दुकान नुसते पाहायला आलेल्याला ‘फुकट पुस्तिका घ्या’, ‘पहिल्या खरेदीवर सूट घ्या’ असे आमिष दाखवून त्याचा ई-मेलचा पत्ता मिळवतो. पत्ता हाती लागला की आधीच लिहून ठेवलेल्या पत्रांची साखळी आपोआप सुरू होते. पहिल्या दिवशी स्वागत, तिसऱ्या दिवशी मालकाच्या कष्टांची कहाणी, पाचव्या दिवशी समाधानी गिऱ्हाइकांची प्रशस्तिपत्रे, सातव्या दिवशी सवलत, आणि नवव्या दिवशी सवलत संपत आल्याची घंटा. टोपलीत माल टाकून पैसे न भरता तुम्ही निघून गेलात, तर त्यासाठी निराळी साखळी तयारच असते. पत्रात डोळ्यांना न दिसणारे, ठिपक्याएवढे चित्र दडवलेले असते. पत्र उघडताच ते चित्र दूरच्या यंत्रावरून मागवले जाते आणि तुम्ही पत्र उघडल्याची वर्दी तिकडे पोचते. उघडले तर एक पत्र, न उघडले तर दुसरे. हे सारे चालते तेव्हा दुकानदार खुशाल झोपलेला असतो, आणि ह्या विद्येचे शिक्षक ह्या झोपेचेच सर्वांत जास्त कौतुक करतात.

ह्या शिक्षकांचे एक ठरलेले वचन आहे: खरा पैसा पाठपुराव्यात आहे. दुसरे वचन असे, की गिऱ्हाईक पहिल्या भेटीत घेत नाही, सातव्या भेटीत घेते. सातव्याच का, पाचव्या किंवा अकराव्या का नाही, असे कोणी विचारत नाही. सात आकडा आपल्याला लग्नातल्या पावलांपासूनच ओळखीचा, म्हणून तो चटकन पटतो. घरी फराळ करून विकणारी एखादी बाई हजारो रुपये भरून ह्यांच्या वर्गात बसते आणि चकल्यांच्या जोडीला सात पत्रे तळायला शिकते. मला राग आहे तो तिचा नाही. तिला हे शिकवणाऱ्यांचा आहे.

आता ‘तगादा’ ह्या शब्दाकडे वळू. शब्द फारसीच्या वाटेने आला आणि आपल्याकडे सावकारीत रुजला. कर्ज बुडू लागले की सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि त्यालाही जेवू देत नसे. ही रीत इतकी जाच करणारी होती, की १८६०च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून, ५०८व्या कलमाखाली, धरण्याचाच दाखला देण्यात आला. पण त्या सावकाराच्या बाजूने दोन गोष्टी बोलता येतील. एक तर त्याचे खरोखरीचे देणे असे. आणि दुसरी म्हणजे तो स्वतः उपाशी बसे. समोरच्याला जेवढा ताप, तेवढा त्यालाही. आजच्या यांत्रिक तगाद्यात ह्यातले काय आहे? तुम्ही एक साडी नुसती पाहिलीत, एवढ्यावरून तुम्ही ऋणको ठरलात. घेतले काही नाही, देणे काही नाही. तरी तगादा सुरू. आणि तगादा करणारा उपाशी तर नाहीच, जागाही नाही.

‘भाजीवालीसुद्धा पुन्हा पुन्हा हाक मारतेच की!’ असे कोणी म्हणेल. मारते, पण ती आपला चेहरा पाहून मारते. आज घरात दुःख आहे हे तिला दारावरूनच कळते आणि ती निमूट पुढे जाते. कासार, कल्हईवाला, बोहारीण ह्यांना कोणत्या घरी थांबावे आणि कोणत्या घरी थांबू नये, हे कोणी वर्गात शिकवले नव्हते. यंत्राला चेहरा दिसत नाही. ज्या माणसाने पत्ता दिला तो गेला, तरी त्याच्या नावाने वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि २० टक्के सूट येत राहते, आणि ते पत्र त्याची बायको उघडते. ह्यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. तिथे माणूसच नसतो, हीच तर तक्रार आहे.

आमच्या मासिकांचीच गोष्ट घ्या. ‘आपली वर्गणी ह्या अंकाबरोबर संपली, तरी कृपया पाठवावी’ अशी कार्डे मराठी मासिकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठवली. तीही पाठपुराव्याचीच पत्रे. पण त्यांत खाते खरे, नाव खरे, संपलेली वर्गणी खरी; आणि प्रत्येक कार्डाला पदरचे पैसे पडत, म्हणून एकदोन कार्डांनंतर व्यवस्थापक आपणहून थांबत. खर्च हा त्या सभ्यतेचा पहारेकरी होता. ई-मेलने तो पहारेकरी घरी पाठवला. दहा जणांना पत्र पाठवा की दहा लाखांना, पाठवणाऱ्याच्या खिशाला जवळजवळ सारखेच. खर्च नाहीसा मात्र झाला नाही. तो पाठवणाऱ्याच्या खिशातून वाचणाऱ्याच्या वेळेत गेला. रोज पंचवीस नको असलेली पत्रे पुसणाऱ्याने अर्धा मिनिट एकाला घातला, तरी वर्षाकाठी पंचाहत्तर तासांहून अधिक जातात. एवढ्या वेळात माणूस ज्ञानेश्वरी वाचून पुरी करील.

हे खूळ नवे नाही. १९७८च्या मे महिन्यात, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या अमेरिकन कंपनीतल्या गॅरी थर्क ह्या विक्रेत्याने आपल्या नव्या संगणकांची प्रात्यक्षिके पाहायला या, असे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. ज्यांना ते गेले त्यांतले अनेक संतापले आणि जाळे चालवणाऱ्यांनी त्याला समज दिली. पण आपल्याला त्यातून मोठी विक्री मिळाली, असे तो पुढे सांगत असे. ह्या सगळ्या धंद्याचे तत्त्वज्ञान त्या एका प्रसंगात सापडते: चारशेंतले काही आले ना, मग उरलेल्यांच्या रागाचा हिशेब कशाला?

‘पण हे चालते!’ हे विरुद्ध पक्षाचे सर्वांत जोरदार अस्त्र. मान्य, चालते. प्रश्न असा की मोजता काय? समजा, हजार जणांना सात पत्रे पाठवली आणि वीस जणांनी खरेदी केली. वीसांची नोंद होते. पहिल्या पत्राला जे खूश होते, चौथ्याला कंटाळले आणि सातव्याला ‘ह्या दुकानाचे नाव नको’ म्हणाले, ते किती, ह्याची नोंद कोणत्या वहीत आहे? ते भांडत नाहीत. ते मुकाट्याने दार लावतात. आणि ज्या वीसांनी घेतले त्यांतले किती जण दुसऱ्याच पत्रानंतर, किंवा एकाही पत्रावाचून, घेणार होते? पत्र उघडल्याची जी मोजदाद मोठ्या दिमाखाने दाखवतात, तीही आता पोकळ झाली आहे. ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या मेलच्या वाचकांना अशी सोय दिली, की वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, ते छुपे चित्र परस्पर आधीच उतरवून घेतले जाते. म्हणजे ज्या पत्राला कोणी हात लावला नाही, तेही ‘वाचले’ म्हणून जमा!

परंतु नफ्यातोट्यापेक्षा मला जास्त खुपतो तो खोटेपणा. ‘शेवटची संधी’ दर शुक्रवारी येते. ‘फक्त तीन नग शिल्लक’ असतात आणि ते तीन नग द्रौपदीच्या थाळीसारखे कधी संपत नाहीत. विषयाच्या ओळीत आधीच्या पत्राचे उत्तर असल्याची खूण चिकटवतात. जणू तुम्ही काही विचारले होते! खाली एखाद्या ताईची गोड सही असते, आणि तिला चार ओळी लिहून धाडाव्यात तर उलट टपाली यंत्र सांगते, की ह्या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. ज्याला उत्तर देता येत नाही ते पत्रच नव्हे. तो दवंडीवाला आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात येऊन दवंडी पिटतो आहे. आमच्या भाषेत ‘पत्र’ आणि ‘पत’ हे शब्द कानाला जवळचे लागतात. व्यापारी पूर्वी पत्राने पत मिळवी. आज सात पत्रांनी ती घालवण्याची सोय झाली आहे.

‘नको असेल त्याने नाव काढून घ्यावे, खाली दुवा दिलेला असतो,’ हे ह्यांचे शेवटचे उत्तर. वा! कोणी माझ्या ओट्यावर कचरा टाकावा आणि वर म्हणावे, की केरसुणीही ठेवली आहे! अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने हीच वाट पत्करली: आधी पाठवा, नको म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत थांबा. युरोपने २००२च्या निर्देशात उलट दंडक घातला: आधी संमती, मग पत्र, आपल्याकडून माल घेतलेल्या गिऱ्हाइकाला तशाच मालाबद्दल लिहायची तेवढी मोकळीक, तीही प्रत्येक पत्रात नकाराची सोय ठेवून. मला युरोपची रीत घरंदाज वाटते. दार वाजवून, आत येऊ का विचारणाऱ्याची ती रीत आहे.

आपल्याकडे काय? फोनवरच्या आणि संदेशांतल्या जाहिरातींना दूरसंचार प्राधिकरणाने २०१० आणि २०१८ साली नियम घातले. ई-मेल त्यांतून सुटले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने मात्र म्हटले आहे, की संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणे सोपे असावे. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात निघाले. अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा ठरला. २०२३च्याच नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरच्या फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. त्यांत खोटी घाई आहे, नकार देणाऱ्याला लाजवणे आहे आणि सतत पिच्छा पुरवणेही आहे. म्हणजे नवव्या दिवसाची ती घंटा खोटी असेल, तर ती नुसती असभ्य नाही. सरकारी यादीत बसणारी आहे.

आणि कायद्याला भीक न घालणाऱ्यांनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना अटी घातल्या आहेत: पाठवणारा खरा कोण हे सिद्ध करा, एका टिचकीत नाव काढता आले पाहिजे, ते दोन दिवसांत निघाले पाहिजे, आणि नकोशा पत्रांच्या तक्रारी दर हजारी तीनच्या आत राहिल्या पाहिजेत. हजारांत तीन! मर्यादा ओलांडली की तगाद्याची पत्रे तर केराच्या पेटीत जातातच. त्यांच्याबरोबर पैसे मिळाल्याची पावती आणि माल निघाल्याची खबरही जाऊ शकते. चाळीस डबे फराळाची मागणी नोंदवलेल्या परदेशातल्या मराठी कुटुंबाला पावतीच न मिळाली, तर ते दुसऱ्या वर्षी कोणाकडे जाईल?

मग घरी फराळ करणाऱ्या त्या बाईने करावे काय? पाचशे गिऱ्हाइकांना हाताने पत्रे लिहीत बसावे, असे मी म्हणणार नाही. यंत्र जरूर वापरावे. पण निरोप्या म्हणून. मागणी पोचली, पैसे मिळाले, माल निघाला, हे यंत्राने बिनचूक कळवावे. त्याबद्दल कोणी रागावत नाही. टोपली अर्धवट राहिली तर एकदा आठवण द्यावी. माणूस खरेच विसरतो. पत्ता घेतानाच सांगावे, की वर्षातून आम्ही चार वेळा लिहू: दिवाळी, संक्रांत, पाडवा, गणपती. मग पाचवे पत्र लिहू नये. सवलत संपणार म्हटले तर ती संपली पाहिजे. कोणी उत्तर धाडले तर साखळी तिथेच तुटावी आणि पुढचे अक्षर माणसाने लिहावे. खाली सही असेल ती जिवंत माणसाची असावी, आणि त्या माणसाने उत्तर द्यावे. दोन पत्रांना उत्तर आले नाही, तर ते उत्तरच समजावे. मौनाला संमती मानणारी म्हण कोर्टकचेरीत खपत असेल. गिऱ्हाइकाच्या मौनाचा अर्थ बहुधा नकार असतो.

ह्याने धंदा मंद चालेल, असे शिक्षक म्हणतील. चालू दे. ज्या पेढ्यांची नावे आपण तीन पिढ्या घेतो, त्या मंदच वाढल्या. त्यांनी गिऱ्हाइकाचा पत्ता वहीत लिहिला तो लगीनसराईत शालूची निवड घरी दाखवायला जाता यावे म्हणून. पत्ता हा गिऱ्हाइकाने ठेवायला दिलेला दागिना आहे. तो नीट सांभाळावा, मागितला की परत द्यावा. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल सात सोडून सत्तर पत्रे पाठवावीत. एकाहत्तरावे पत्र त्याचे स्वतःचे यंत्रच केराच्या पेटीत टाकील.