स्वयंपाकाचा वर्ग निवडताना

सणासुदीचे दिवस जवळ आले की स्वयंपाकाच्या वर्गांच्या जाहिराती गावोगाव पोचू लागतात. पाव, केक, लोणची, मिठाई, सर्व काही दोन दिवसांत शिकवू, असे त्यांत म्हटलेले असते. घरखर्चातून मोठ्या कष्टाने बाजूस काढलेले पैसे भरून आमच्या कित्येक भगिनी अशा वर्गास जातात, आणि परतताना छापील कागद व दुसऱ्याने केलेल्या केकची चव एवढेच घेऊन येतात. घरी चुलीपुढे उभे राहिल्यावर हात अडतो. हा खर्च व हा हिरमोड टळावा, म्हणून हे चार शब्द.

पाहून समजते ते डोक्यास. स्वयंपाक येतो तो हातास. पावाचेच उदाहरण घेऊ. यीस्ट कोमट पाण्यात भिजवावे, असे पुस्तक सांगते. कोमट म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस, बोटास सुखाने सोसेल इतके. पाणी ६० अंशांपर्यंत तापले तर यीस्ट मरते आणि पाव फुगत नाही. पीठ दहाएक मिनिटे मळून त्याचा लहानसा गोळा ताणावा. न फाटता पातळ पडदा झाला, म्हणजे मळणे पुरे झाले. पाक एकतारी झाला की नाही हे अंगठा व तर्जनी सांगतात. दोदोल भांड्याच्या कडा सोडू लागल्याची खूण ढवळणाऱ्या हातास आधी कळते. हे ज्ञान बाकावर बसून मिळत नाही.

‘करून शिकणे’ हेच तत्त्व धरून आपल्या देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. आता अशी केंद्रे बहुतेक जिल्ह्यांत आहेत. जुन्या गोव्यात एला येथे आहे, तसेच बेळगाव जिल्ह्यात मत्तिकोप येथेही आहे. फळे टिकविणे, लोणची व मुरांबे करणे यांचे शिक्षण पुष्कळ केंद्रांतून दिले जाते. अन्यत्र पैसे भरण्यापूर्वी तेथे एकदा चौकशी करावी.

वर्ग कोणताही असो, चालकांस काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. एका शेगडीवर किती जणी? तिघी-चौघींहून अधिक असतील, तर एकीने ढवळावयाचे व बाकीच्यांनी पाहावयाचे, असेच घडते. पदार्थ आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावयाचा, की तयार केकवर केवळ नक्षी काढावयाची? लागणारी भांडी व जिन्नस आपल्या घरी आणि आपल्या बाजारात मिळतील काय? घरी ओव्हन नसता ओव्हनचेच पदार्थ शिकण्यात काय हशील? बिघडलेले सुधारण्यास वेळ मिळतो काय? पाक कडक झाला तर थोडे गरम पाणी घालून पुन्हा उकळावा, एवढे जिने स्वतः करून पाहिले, ती पुढे घाबरत नाही. सामानाचे पैसे शुल्कातच धरले आहेत की निराळे, हेही आधीच ठरवून घ्यावे.

शक्य असल्यास चालू वर्ग एकदा डोळ्यांनी पाहून यावे. शिक्षिका हात धुवावयास लावतात काय? कच्च्या मासळी-मांसाची सुरी व फळी वेगळी ठेवतात काय? कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश तापले पाहिजे, शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर राहू नये, हे सांगतात काय? ज्या घरात लेकरे व म्हातारी माणसे जेवतात, तेथे चवीइतकेच याला मोल आहे. शिकून विक्री करण्याचा मानस असेल, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. तिची माहिती जेथे देतात तो वर्ग अधिक उपयोगाचा.

वर्ग केवळ मुलींसाठी आहे, असेही कोणी समजू नये. परगावी नोकरीस जाणाऱ्या मुलालाही दोन वेळचे अन्न लागते.

शेवटी एकच सूचना. वर्ग संपल्यावर आठ दिवसांच्या आत तोच पदार्थ स्वतःच्या चुलीवर, कागद न पाहता करावा. तो घरच्यांच्या पानात पडला, म्हणजे भरलेले पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.