जुळवणी आणि वाचन

सुट्या भागांचा संच आणून गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घरी जुळवणे याला निर्मिती म्हणावे काय, असे विचारले तर साहित्याच्या प्राध्यापकाचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. आराखडा दुसऱ्याचा, भाग दुसऱ्याचे; यात आपले ते काय? हे उत्तर मला घाईचे वाटते. जुळवणी ही निर्मिती नसेलही, परंतु ते वाचन आहे. आणि आपल्या वर्गांतून जे वाचन हद्दपार होत चालले आहे, नेमके तेच.

प्रथमच हात घालणारे अनेक जण फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चँप’ची, म्हणजे ‘५एफ१’ या मंडलाची, प्रतिकृती निवडतात. तीन व्हॉल्व्ह, जेमतेम पाच वॉट, आवाज कमीजास्त करण्याची एकच कळ. येथे अक्षर न् अक्षर वाचावे लागते. लाल-लाल-नारिंगी पट्ट्यांचा रेझिस्टर २२ हजार ओमचा, तर लाल-लाल-पिवळा २ लाख २० हजारांचा. या मंडलात दोन्ही लागतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत भेद न करणाऱ्या विद्यार्थ्याचा फार तर एक गुण जातो; येथे एका रंगाने दसपट फरक पडतो. शिवाय आत तीनशेहून अधिक व्होल्ट खेळत असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भार धरून ठेवू शकतात. तो उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालायचा. निष्काळजी वाचनाची किंमत येथे देहाने मोजावी लागते.

परंतु खरा मुद्दा पुढचा आहे. अशा संचासोबत सहसा दोन आकृत्या असतात. एक मांडणीचे चित्र : कोणती तार कोठे जोडायची ते दाखवणारे. दुसरी मंडलाची आकृती : ती तार तेथे का आहे हे, वाचता येणाऱ्याला, सांगणारी. केवळ पहिलीवर विसंबूनही यंत्र वाजते. आपल्याकडील गाइडेही अशीच ‘वाजतात’. विद्यार्थी उत्तीर्ण होतो.

अडचण आली की फरक कळतो. ‘५एफ१’मध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या ध्वनिसंकेताचा काही अंश त्या २२ हजार ओमच्या रेझिस्टरमधून मागच्या टप्प्याकडे उलट्या दिशेने परततो आणि आवाजाला आवर घालतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडील दोन तारांची अदलाबदल झाली, तर विरोधाऐवजी तो दुजोरा देऊ लागतो आणि यंत्र किंचाळते. मांडणीचे चित्र येथे मुके होते. ज्याने मंडल वाचले आहे, तो त्या दोन तारा आपापसांत बदलतो. (नुसता दुजोराच परत येत राहिला तर काय होते, हे वाङ्मयीन वर्तुळांना निराळे सांगायला नको.)

असे वाचन पुढे कोठवर नेते? १९६२ मध्ये लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्याच ‘बेसमन’चे मंडल समोर ठेवून ‘जेटीएम४५’ हा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. आराखडा जवळपास तोच. पण पहिला व्हॉल्व्ह निराळा, ट्रान्सफॉर्मर इंग्लंडातले, दहा इंची चार स्पीकरांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बारा इंची चार स्पीकरांची बंद पेटी. ध्वनी पालटला आणि पुढच्या रॉक संगीताला स्वतःचा आवाज मिळाला. याला नक्कल म्हणायचे की समर्थ रूपांतर? भाषांतराचा अनुभव असलेल्याला उत्तर अवघड वाटू नये.

तेव्हा दोष संचाचा नाही, तसा गाइडाचाही पूर्णपणे नाही. मांडणीचे चित्र ही पहिली पायरी आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही. दोष आहे तो दुसरी आकृती न उघडताच पदवी देणाऱ्या व्यवस्थेचा, आणि त्या व्यवस्थेत अध्यापक म्हणून आपणही आहोत. कवितेत अमुक शब्द अमुक जागी आहे, हे आपण शिकवतो. तो काढला तर काय किंचाळेल, हे विद्यार्थ्याला विचारतो का?