कोजागरीचा चंद्र आणि आपली श्रद्धा

आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी घरोघरी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, या श्रद्धेने आपण जागरण करतो, आटीव दुधाचा नैवेद्य चंद्रास दाखवितो. अशा वेळी घरातील एखादे शाळकरी मूल विचारते, ‘जेथे माणसे चालून आली, त्या दगडधोंड्यांच्या गोळ्याला नैवेद्य कशासाठी?’ हा प्रश्न उद्धटपणाचा समजून त्यास गप्प बसविणे आम्हांस उचित वाटत नाही.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथे श्वास घेण्याजोगी हवा नाही आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश आहे. जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात बारा अमेरिकन अंतराळवीर तेथे चालले. सहा मोहिमांत मिळून त्यांनी सुमारे ३८२ किलो खडक व माती आणली.

तथापि, देव्हाऱ्यातील मूर्ती धातूची वा पाषाणाची आहे, हे ठाऊक असूनच आपण तिच्यापुढे हात जोडतो. मग चंद्र पाषाणाचा निघाला म्हणून भक्तीस बाध का यावा?

शिवाय आपले सण चंद्राच्या प्रत्यक्ष गतीवरच उभे आहेत. सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. अशा तीस तिथींचा चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा. ग्रहण हा छायेचा खेळ होय, हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात सांगितले. भारताचे ‘चांद्रयान-३’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीकच्या प्रदेशात उतरले तो दिवस २३ ऑगस्ट २०२३, निज श्रावण शुद्ध सप्तमी. तो मुहूर्त पाहून ठरविलेला नव्हता. उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य उगवला होता आणि पुढे सुमारे चौदा दिवस यंत्रांना ऊन मिळणार होते, म्हणून तो निवडला गेला. पण ज्या सूर्य-चंद्रगतीवरून आपण तिथी मोजतो, तिच्यावरूनच तो सूर्योदयही ठरतो.

म्हणून ‘सारे आमच्या पुराणांत होतेच’ ही फुशारकी नको, आणि ‘सारी भाबडी समजूत’ ही तुच्छताही नको. पहिलीने ज्ञानाचा अपमान होतो, दुसरीने घरातील वृद्धांचा. आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी आकाश पाहिले व गणित मांडले. आजचे शास्त्रज्ञ यंत्रे धाडून तेच काम पुढे नेत आहेत.

आज दूध आटत असताना मुलांना अंगणात वा गच्चीवर न्यावे. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्यापासून निघालेला किरण आठ मिनिटांहून थोड्या अधिक वेळात चंद्रावर पोहोचतो आणि तेथून सव्वा सेकंदात आपल्या वाटीतील दुधावर उतरतो, हे त्यांना सांगावे. मग नैवेद्य दाखवावा. इतके जाणून जोडलेले हात अधिक डोळसपणे जोडलेले असतील, अशी आमची श्रद्धा आहे.