मिस्त्रींचे तर्कशास्त्र

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मोटारगाडीच्या दुखण्यांवर लिहितो आहे हे पाहून काही वाचक पान उलटतील. 'हे काम आय.टी.आय.वाल्यांचे, तू कशाला त्यात पडतोस?' असे एक मित्र मला तोंडावर म्हणालाच. परंतु गेले सात-आठ महिने मी ज्या खटाटोपात आहे, त्यातून माझे एक मत बनले आहे आणि ते मित्रांपुढे व प्राध्यापकांपुढे मांडावेसे वाटते. गॅरेजमधल्या मिस्त्रीजवळ जे असते तेही शास्त्रच होय, आणि ते मराठीत नीट लिहून ठेवणे हे कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

खटाटोप असा की, मी इंटरनेटवर एक मराठी पान तयार करतो आहे. ज्याची गाडी एका अंगाला ओढते, जिचे स्टेअरिंग थरथरते किंवा जी वळणावर डुलते, त्याने ते मोबाईलवर उघडावे, विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, आणि दोष कोठे असण्याचा संभव आहे हे त्याला कळावे.

याचे मूळ एका प्रसंगात आहे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ भाड्याची गाडी चालवतात. ती डावीकडे ओढू लागली. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी दोनदा अलाइनमेंट करून घेतले. पैसे गेले, दोन दिवसांची भाडी बुडाली, ओढणे मात्र तसेच राहिले. अखेर ते माझ्या मामांच्या गॅरेजवर आले. मामांनी हवा पाहिली, मग पुढचे डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावले आणि म्हणाले, "आता चालवून या." गाडी उजवीकडे ओढू लागली होती! दोष टायरमध्येच होता. या कामाला वीस मिनिटे लागली.

त्याच आठवड्यात तर्कशास्त्राच्या तासाला आम्हांला जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकवल्या गेल्या. मिलने त्या १८४३ साली आपल्या ग्रंथात मांडल्या. त्यांतली व्यतिरेक पद्धती सांगते की, बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम बदलला तर कारण त्या गोष्टीत आहे असे समजावे. मी बाकावर बसल्या बसल्या चमकलो. मामांनी चाके बदलली तेव्हा दुसरे काय केले होते? ते सातवीपर्यंत शिकले आहेत आणि मिलचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. मी हे घरी सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आरं, ते पुस्तकातलं ज्ञान. आमची ही आपली हातातली सवय." ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्यालाच ते ज्ञान वाटत नाही! आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिला, म्हणून हे वाक्य मला अधिक लागले.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. दोषांची एक लांबलचक यादी मी पानावर चढवली. मामांनी ती ऐकली आणि विचारले, "गिऱ्हाइकाला दोष ठाऊक असता तर तो आला असता कशाला?" तेव्हा लक्षात आले की यादी उपयोगाची नाही, प्रश्नांचा क्रम हवा. मिस्त्री आधी स्वस्त आणि सोपे ते तपासतो, महाग ते शेवटी. गाडी ओढते का? मग रस्ता सपाट होता का ते सांगा. पाण्याच्या निचऱ्यासाठी आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे धडधाकट गाडीही किंचित डावीकडे सरकते. रस्ता सपाट असेल तर टायर थंड असताना चारही चाकांची हवा पाहा. हवा बरोबर असेल तर पुढची चाके आपसांत बदला, मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तसे करू नका. तरीही ओढते त्याच बाजूला? मग थोडे अंतर चालवून एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते का पाहा, कारण ब्रेक धरून राहत असेल. हे सगळे निर्दोष ठरले की मगच अलाइनमेंट.

टायर तर बोलतोच, पण ऐकणारा हवा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त झाली, एकच कड खाल्ली तर चाकाचा कोन बिघडला, ठिकठिकाणी खळगे पडले तर बहुधा शॉकअप गेले. स्टेअरिंग ठरावीक वेगालाच थरथरते की ब्रेक दाबल्यावरच, या एका प्रश्नाने चाकांचे बॅलन्सिंग आणि ब्रेकची डिस्क यांचा निवाडा बराचसा होतो.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी पानांची यंत्राने केलेली भाषांतरे मी वाचली. त्यांत 'वाहन हाताळणी समस्या' असले शब्द आहेत. असे कोणता ड्रायव्हर बोलतो? तो म्हणतो, गाडी ओढते, डुलते, तरंगते, मागून झोका देते, स्टेअरिंगमध्ये खेळ आहे. यांतला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो. मी रिक्षास्टँडवर आणि गॅरेजवर बसून असे शब्द वहीत टिपून घेतले. हे काम इंजिनिअरचे नव्हे, भाषेच्या विद्यार्थ्याचे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

योग्य भाषेत योग्य माणसापर्यंत ज्ञान पोचले नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. शेव्हरोलेटने १९६० सालासाठी कॉर्व्हेअर नावाची मोटार आणली. तिचे इंजिन मागे होते. गाडी वळणावर ताब्यात राहावी म्हणून पुढच्या चाकांत सुमारे १५ आणि मागच्या चाकांत सुमारे २६ पौंड हवा ठेवावी अशी सूचना होती. सर्व चाकांत सारखीच हवा भरण्याची सवय असलेल्यांना हा फरक लक्षात राहणे कठीण! राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये या गाडीच्या रचनेवर कडक टीका केली. पुढे १९७२ च्या सरकारी अहवालाने ती त्या काळच्या तशा इतर गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचे म्हटले. तो वाद तज्ज्ञांनी करावा. माझ्यापुरता धडा एवढाच की, सूचना पुस्तकात असून भागत नाही, हवेची नळी ज्याच्या हातात आहे त्याला ती कळावी लागते.

आता आक्षेपांचा विचार करू. सर्वांत मोठा आक्षेप खुद्द मामांचाच होता. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "सगळं त्या मोबाईलात घातलंस, तर माझ्याकडं कोण येईल?" मला घास गिळवेना. ज्यांच्या कमाईतून माझी फी भरली गेली, त्यांच्याच पोटावर मी पाय देतो आहे काय? मी पुष्कळ विचार केला. पान दोष सांगेल, पण जॅक लावून बुश कोण बदलणार? आणि गिऱ्हाईक समजून उमजून आले तर प्रामाणिक मिस्त्रीला त्याचे भय नाही, भय असेल तर दोनदा फुकट अलाइनमेंट करणाऱ्याला. हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी आणखी चार प्रश्न त्यांनीच सांगितले.

दुसरा आक्षेप असा की, पान चुकले तर? तो खरा आहे. म्हणून काही ठिकाणी आम्ही निदान करीतच नाही. स्टेअरिंग अचानक सैल झाले, टायरला फुगा आला, ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला जोरात गेली, तर पान एकच सांगते, 'गाडी थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा.' शिवाय प्रत्येक प्रश्नापुढे 'का?' असे बटण ठेवले आहे. १९७० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन नावाचा संगणक-कार्यक्रम तयार झाला. डॉक्टरांच्या अनुभवाचे 'जर-तर' नियम करून तो जंतुसंसर्गाचे निदान करी, आणि हा प्रश्न का विचारलास असे विचारल्यास कारणही सांगे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण न सांगता दिलेला सल्ला माणसाला परावलंबी करतो, मग तो यंत्राचा असो की वर्कशॉपचा.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा मामा, आजी किंवा काका असा आहे की, ज्याच्या हातात एक विद्या आहे. कोणी विहिरीचे पाणी ओळखतो, कोणी जनावराचे दुखणे, कोणी मागावर तुटलेला धागा. आपण पदवी घेऊन त्यांच्यापासून दूर जाणार असू, तर निदान जाण्यापूर्वी त्यांना चार प्रश्न विचारून ते टिपून तरी घेऊ या.

माझे पान अजून अपुरे आहे. त्यावर मामांचे नाव घालू द्या, असा माझा हट्ट चालू आहे. ते म्हणतात, "आधी बरोबर चालू दे, मग बघू." मिस्त्रीला शोभेल असेच हे उत्तर आहे, म्हणून मी तूर्त वाद घालत नाही.